सुट्टीच्या दिवशीचा करंट

"अण्णाराव, शेवटच्या रांगेत जो बसलाय ना, त्याच्या छातीत धडधड झाली पायजे. गिटार अशी पोचवतो, की तुमीच म्हनाल, शरणप्पा, जरा कमी कर. ते माझ्यावर सोडा."

शरणप्पा बिराजदार हे बोलला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन चहा मागवून बसला. दिवसा तो जकात नाक्यावर पावत्या फाडायचा आणि संध्याकाळी अण्णारावांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. वाजवायचा म्हणजे काय, घेऊन उभा राहायचा. ढोलकी, बोंगो आणि गाणाऱ्याचा घसा यांच्यापुढं त्या गिटारीची गत वरातीतल्या नवऱ्यासारखी. नुसती मिरवायची, बोलायचं इतरांनी. मंद्रूपच्या कार्यक्रमात तर एका शेतकऱ्यानं उठून विचारलं, "त्यो कोपऱ्यातला मगाधरनं खाजवतोय, त्याला काय चावलंय का?"

त्या दिवशी अण्णारावांनी तोडून सांगितलं, "आवाज वाढव, न्हाईतर होटगीच्या धोंडीरामला घेतो. त्याच्या अकॉर्डियनला वीज लागत न्हाई. आन त्यो तुझ्याएवढा बोलत पन न्हाई."

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा काळ. शरणप्पाचा ॲम्प्लिफायर म्हणजे मागून उघडा असलेला लाकडी खोका, आत काचेचे व्हॉल्व्ह. बटण दाबलं की ते आधी तापायचे, मग केशरी व्हायचे, मग कुठं आवाज फुटायचा. आजच्या पोरांना बोट लागायच्या आत आवाज पाहिजे. त्या खोक्यापुढं वाट बघत बसावं लागायचं, आणि त्या वाट बघण्यात अर्धं गाणं मनातच वाजून जायचं. ज्यांना हे रडगाणं वाटतं त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं.

घर साखर पेठेत. डावीकडं यंत्रमाग, उजवीकडं यंत्रमाग, आणि एका बाजूची भिंत तर नरसय्या मालकाच्या कारखान्याशी सामाईक. सकाळी खडखडाट सुरू झाला की घरात बोलणं बंद. शरणप्पाची बायको दाक्षायणी भाकरी किती वाढू ते बोटांनी विचारायची, आणि तो भांडायचासुद्धा हातवारे करून. बरं, सगळ्या पेठेचे माग एकदम वीज ओढायचे, त्यामुळं घरातला बल्ब उंदराच्या डोळ्याएवढा व्हायचा.

शरणप्पाला रोग तिथंच सापडला. खोक्याला खायलाच मिळत नाही, तर तो ओरडणार कसा? आतल्या ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेजप्रमाणं खुंट्या होत्या. वीज भरपूर असेल तिथं वरची, कमी असेल तिथं खालची. त्यानं तार काढून सगळ्यात खालच्या खुंटीला जोडली. आवाज वाढला. मग गड्याला हाव सुटली. आत एक जाडजूड कंडेन्सर दिसला. हा नुसता बसून करंट पितो, असं ठरवून त्यानं तो कापून टाकला. फ्यूजच्या बारीक तारेजागी सायकलच्या स्पोकचा तुकडा बसवला, म्हणजे येणाऱ्या करंटला रस्ता मोठा.

"ते काय काढलासा?" दाक्षायणीनं माग जरा थांबल्यावर विचारलं.

"नको असलेलं."

"मग बनवनाऱ्यानं घातलं कशाला?"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"न्हाय कळत. म्हनून तर हात लावत न्हाय की."

परीक्षेचा दिवस अण्णारावांनीच ठरवला. "मागाच्या खडखडाटात मला काय झाट्टा कळनार? माग बंद असत्यात त्या दिवशी येतो."

मागांच्या सुट्टीची ती सकाळ आता सोलापुरात शोधूनही मिळायची नाही. आठवडाभर कान बडवलेली पेठ एकदम मोकळी व्हायची. चार घरं पलीकडं भाकरी थापलेली ऐकू यायची. उखळात शेंगाचटणी कुटायचा आवाज यायचा. माणसं उगीचच हळू बोलायची, नवीन घरात आल्यासारखी. दाक्षायणीनं स्टुलावर चढून चांगला बल्ब काढला आणि जुना, काळवंडलेला लावला. पेठेतली प्रत्येक बाई सुट्टीला हे करायची. माग बंद, म्हणजे सगळी वीज घरात घुसायची आणि नवे बल्ब फटाफट उडायचे. शरणप्पा हे लग्न झाल्यापासून बघत होता. त्या दिवशी तर स्टूल त्यानंच धरलं होतं. तरी खालच्या खुंटीबद्दल डोक्यात उजेड पडला नाही.

अण्णाराव आले, खाटेवर बसले. शेजारी धोंडीराम, मांडीवर अकॉर्डियन, तोंड बंद. शरणप्पानं बटण दाबलं. व्हॉल्व्ह केशरी झाले, पिवळे झाले, पांढरे व्हायला लागले.

"बगा, आज कसं खुललंय," शरणप्पा म्हणाला.

आणि खोका घुमायला लागला. घर्रर्रर्र. कापलेला कंडेन्सर हा आवाज दाबायलाच ठेवलेला होता. पण आठवडाभर मागाच्या खडखडाटात ही घरघर ऐकणार कोण? आता शांत पेठेत ती भिंतीला धरून शिरली आणि थेट नरसय्याच्या बंद कारखान्यातून आल्यासारखी बाहेर पडली.

पुढच्या गल्लीत, मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी दगडाबाई केस वाळवत बसली होती. तिनं कान टवकारले. ही सुट्टी काही मालकांनी खुशीनं दिलेली नव्हती, संप करून, उपाशी राहून मिळवलेली होती. "नरसय्यानं मोटार चालू केली," एवढं ती म्हणाली. पुरे झालं. ओल्या केसांच्या बाया, अर्धी दाढी केलेले गडी, सगळे कारखान्याच्या दाराशी.

नरसय्या अंगाला तेल चोळलेला, पंच्यावर बाहेर आला आणि तेलुगूत सुरू झाला. "एमय्या, काय झालं?"

"मालक, सुट्टीला चोरून माग चालवता व्हय?"

"कुलूप बग की बाई. किल्ली माज्या कमरंला हाय."

"मग ही घरघर तुमच्या पोटातनं येतीया का?"

"माज्या न्हाई," नरसय्यानं भिंतीला कान लावला. "ह्या जकातवाल्याच्या घरातनं येतीया."

"म्हंजे माग त्याच्या घरात लपवलासा!"

लोंढा शरणप्पाच्या दारात. तो दोन्ही हात वर करून सांगत होता, "माग न्हाय, गिटार हाय, आयशप्पत गिटार." पटणार कुणाला? असला आवाज काढणारं वाजं पेठेत कुणी पाहिलेलं नव्हतं. शेवटी खात्री पटवायला त्यानं आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि तारेवर एक सणसणीत फटका मारला.

मांडणीवरची भांडी एका दमात खाली आली. अण्णारावांची चहाची बशी हातातून उडाली. नरसय्यानं तेलकट हातांनी दगडाबाईचा दंड धरला आणि शिवी खाऊन सोडला. खोक्यातून आधी धूर, मग ट्रान्सफॉर्मरमधलं डांबर पातळ होऊन गुळाच्या पाकासारखं जमिनीवर, मग एक धडाका. स्पोक काही वितळला नाही. त्याच्याऐवजी गल्लीचा फ्यूज गेला. गल्लीतले चालू होते तेवढे रेडिओ गप्प झाले.

शरणप्पा त्या डांबराकडं बघत उभा. होता नव्हता तो एक खोका गेला, आणि खाटेवर धोंडीराम तयार बसलेला.

दगडाबाई उंबऱ्यावर फतकल मारून बसली. "सुट्टी तर नासवलीस. आता आलोय तर वाजव की काय ते."

"आवाज न्हाय आता त्याला."

"आमी गप बसतो की."

आणि ती माणसं खरोखर गप्प बसली. सहा दिवस स्वतःचा आवाजही ऐकायला न मिळणारी माणसं, अंगणात, ओट्यावर, पार नळापर्यंत. शरणप्पानं लहानपणी गावी, वळसंगला, आई म्हणायची ती कानडी अंगाई वाजवली. नुसत्या लाकडाचा आणि तारांचा आवाज, डासाच्या गुणगुणीएवढा. दाक्षायणी भांडी उचलायची थांबली. नळाजवळच्या म्हाताऱ्यानं ती अंगाई ओळखली आणि ओठांतल्या ओठांत म्हणायला लागला.

संपल्यावर अण्णारावांनी उपरण्यानं डोळे पुसले. "शरणप्पा, पार शेवटच्या मानसापत्तूर पोचलं रे."

"मग माझी जागा ऱ्हायली न्हवं?"

अण्णारावांनी धोंडीरामला उठायची खूण केली आणि चपला पायात सरकवल्या.

"ह्यालाच घेतो. तिकीट काढून आलेली मानसं एवढी गप बसत न्हाईत."