एकचं तुमचं, दोनचं माझं

एका टेबलावर दोघांनी काम करायची ही कल्पना मूळ कोणाची, हे सरांना आता नीट आठवत नाही. आपली असावी अशी त्यांना शंका आहे, कारण त्या घरात अंगाशी आलेल्या बहुतेक कल्पना त्यांच्याच असत. काकू, म्हणजे सरांच्या सौ., म्हणतात, लेकीची. लेक म्हणते, बाबांची. जावईबापू काहीच म्हणत नाहीत. सासऱ्यांविषयी काही म्हणायचे नाही, हे त्यांनी लग्नाआधीच ठरवून टाकले होते. तेव्हा वाचकांनी निदान हा पहिला परिच्छेद तरी सावधपणे वाचावा. (पुढचेही तसेच वाचले तर सरांची हरकत नाही. त्यांनी स्वतः आयुष्यभर दुसरे काही केलेले नाही.)

एवढे मात्र नक्की, की लेकीच्या घरातली भिंत झिरपू लागली, नळवाल्याने सगळी फरशी उखडली, आणि फरशी उखडल्यावर नळवाला जो दिसेनासा झाला तो झालाच. लेक-जावई बॅगा घेऊन सरांकडे राहायला आले. लेक सकाळच्या शाळेत शिकवीत असे. जावई घरूनच काम करीत. त्यांना कचेरीने दिलेला लॅपटॉप होता, पण त्याचा पडदा पाटीएवढा. सरांकडे जुना डेस्कटॉप होता आणि त्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घेतलेला खिडकीएवढा मॉनिटर. आणि बसून काम करावे असे टेबल घरात एकच.

सर निवृत्त प्राध्यापक. अनिश्चित परिस्थितीत अचूक निर्णय कसा घ्यावा, या विषयावर त्यांची डॉक्टरेट होती. प्रबंध त्या काळी बराच गाजला. तो लिहिणारा गृहस्थ पुढे चपला घेताना दुकानदाराला विचारी, "तुम्हाला काय वाटतं, मला या आवडल्यात का?"

एक मॉनिटर दोघांत कसा वापरावा, यावर सरांनी वाचन सुरू केले. तक्ते झाले, तक्त्यांचे गुणांकन झाले, गुणांकनाच्या पद्धतीवर शंका झाल्या. तेवढ्यात लेकीने ओट्यापाशी दूध तापायची वाट बघत उभ्याउभ्या फोनवरून कीबोर्ड आणि माउसची बिनवायरची जोडी मागवून टाकली. जोडी आली, तिने बाबांसाठी कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या, आणि प्रश्न मिटला. सरांना वाईट वाटले ते हेच, की तक्ते अपुरे राहिले.

"हे बघा बाबा," जावईबापू म्हणाले, "कोपऱ्यात ही दोन बटणं आहेत. एकचं दाबलं की कीबोर्ड तुमचा, दोनचं दाबलं की माझा. मॉनिटरचं काहीच करायचं नाही. लॅपटॉपची वायर लावली की माझं दिसेल, काढली की तुमचं."

"अगदी स्पष्ट आहे," सर म्हणाले. काही कळले नाही की ते नेहमी असेच म्हणत.

पण जावयाला परत विचारायचे कसे? मुलगी दिली आहे, आता अडाणीपणाही दाखवायचा म्हणजे फारच झाले. ते स्वयंपाकघरात गेले.

"तुला कळलं का गं ते बटणांचं?"

"त्यात काय कळायचंय? एकचं तुमचं, दोनचं त्यांचं," काकू म्हणाल्या.

"ते कळलं. पण आधी कोणतं?"

काकूंनी कणकेतला हात वर केला आणि तसाच थांबवला. सर बाहेर आले.

सकाळ सरांची, दुपार जावयांची, अशी वाटणी झाली. उठणाऱ्याने दुसऱ्याचे बटण दाबून उठायचे. कागदावर ही व्यवस्था निर्दोष होती. प्रत्यक्षात दोघेही इतके सभ्य, की "बसा ना", "नाही, तुम्ही बसा", "मला घाई नाही", "मला कुठं आहे", असे म्हणत खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभे राहत आणि मधल्या मध्ये मॉनिटर झोपी जाई. शेवटी कोणी बसायचे हे काकू आतून ओरडून सांगत.

असे चालले असताना एक दिवस शाळेतून आल्या आल्या लेक सरांच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, आज चारला यांची मीटिंग आहे. वरची जागा रिकामी झालीय. यांचं आणि आणखी एकाचं नाव आहे. दोघांनी आपापली योजना मांडायची. यांच्या विभागप्रमुख बाई फार कडक आहेत. आज जमलं तर जमलं, नाहीतर पुढं कधी जागा निघेल देव जाणे."

"मग मी काय करू?"

"काही नाही."

"असं कसं, काहीतरी सांग."

"तेच सांगतेय बाबा. तुम्ही काही करू नका."

हे सगळ्यांत अवघड काम सरांवर आले. माणसाने काही न करणे म्हणजे नेमके काय करणे? गॅलरीत बसावे तर खुर्ची करकरते. झोपावे तर ते घोरतात असे काकूंचे म्हणणे (याला स्वतंत्र पुरावा नाही). शेवटी त्यांनी ठरवले, की कोणालाही त्रास होणार नाही असे एक काम उरकावे. विद्यापीठाने एक प्रबंध तपासायला दिला होता, त्याचे परीक्षण लिहायचे राहिले होते.

चार वाजायला जरा अवकाश असताना जावईबापूंनी लॅपटॉपची वायर काढली, लॅपटॉप आणि माउस उचलला आणि झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. तोंडाने योजनेची पहिली वाक्ये चालू होती. एकचे बटण दाबायचे तेवढे राहिले.

मॉनिटरवर सरांचे सकाळचे कोरे पान आपोआप उघडे झाले. सर बसले. ते दोन बोटांनी, तांदळातले खडे वेचावेत तसे, खाली मान घालून टाइप करीत. परिच्छेद संपला की मगच वर बघत. या वेळी विचार करायचीही गरज नव्हती. मजकूर तोंडपाठ होता. उभ्या हयातीत हाताखालून गेलेल्या प्रत्येक प्रबंधाला त्यांनी तोच लिहिला होता.

'लेखकाने निष्कर्ष आधी काढून पुरावे मागाहून गोळा केलेले दिसतात. आकडे भरपूर आहेत, मात्र ते कुठून आले हे लेखकाला ठाऊक असावे असे वाटत नाही. आत्मविश्वास वाखाणण्याजोगा.'

शेवटी एंटर. सरांनी वर बघितले. पान कोरे.

दुसरा कोणी असता तर त्याने कीबोर्डला दोष दिला असता. सरांनी स्वतःला दिला. आपण खरोखर टाइप केले, की टाइप करायचे नुसते मनात आणले? या वयात असे होते म्हणतात. ते खुर्चीतूनच हळू आवाजात म्हणाले,

"अगं, मी आत्ता टाइप करत होतो का?"

"आवाज तर येत होता," काकू म्हणाल्या.

आवाज हा पुरावा पुरेसा नव्हता. सरांनी सगळे पुन्हा लिहिले, या वेळी प्रत्येक अक्षर जोर देऊन. एंटर. पान कोरे. तिसऱ्यांदा त्यांनी प्रत्येक शब्द पुटपुटत लिहिला, म्हणजे निदान स्वतःची साक्ष तरी काढता येईल.

आतून जावयांचा सलग चाललेला आवाज अडखळला. "एक मिनिट हं... माफ करा, हे माझ्याकडून..." मग तो बारीक झाला.

इकडे लेकीच्या फोनवर निरोप आला. त्यात एकच शब्द होता, 'कीबोर्ड'. ती धावत आली आणि तिने बाबांच्या बोटांखालून कीबोर्ड काढून घेतला. बोटे हवेत तशीच राहिली.

"बाबा, तुम्ही आत लिहिताय."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. यांच्या लॅपटॉपवर. मीटिंगच्या चॅटमध्ये सगळ्यांना दिसतंय, तेही यांच्या नावानं." तिने एकचे बटण दाबले. "काय लिहीत होतात?"

"परीक्षण."

"कोणाचं?"

सरांनी थोडा विचार केला. "तसं म्हटलं तर, कोणाचंही."

लेक डोक्याला हात लावून बसली. सरांच्या डोळ्यांसमोर मात्र चित्र स्वच्छ उभे राहिले. जावई आपली योजना पोटतिडकीने मांडतो आहे आणि त्याच वेळी त्याच्याच नावाने, एकदा नव्हे तीनदा, मजकूर येतो आहे, की याला आपले आकडे कुठून आले ते ठाऊक नाही. वरची जागा गेली. असलेलीही जाईल. लेकीचा संसार उघड्यावर येईल. फरशी तर आधीच उखडलेली आहे.

बऱ्याच वेळाने दार उघडले. सर उठून उभे राहिले.

"जावईबापू, मी..."

"असू द्या बाबा."

"त्यांनी बघितलं?"

"बघितलं सगळ्यांनी."

"मग?"

"मग काही नाही. पुढं चालू झालं. शेवटी बाई म्हणाल्या, आकडे कुठून आले ते लिहून पाठवा."

सरांनी मनात ताडून बघितले. त्यांचेच वाक्य. दुसरे.

जावईबापूंनी रीतसर आकडे पाठवले, आणि ती जागा त्यांना मिळाली. घरात आनंद झाला. नळवालाही सापडला.

एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे मानणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना सरांनी नापास केले होते. स्वतःला मात्र त्यांनी या एका प्रसंगात सवलत दिली. बाईंनी परीक्षण वाचले. त्यांना वाटले, हा माणूस स्वतःवर इतका कठोर आहे, की मांडता मांडता स्वतःचीच चूक दाखवतो. असा माणूस वर बसवायलाच हवा. सरळ आहे. कित्येक वर्षे हा निष्कर्ष त्यांनी उराशी जपला. आयुष्यात एवढ्या एकाच निष्कर्षाबद्दल त्यांना शंका नव्हती. घरात विषय निघाला की ते म्हणत, "कठोर परीक्षणानं माणूस वर जातो, काय जावईबापू?" आणि जावईबापू ताटातून मान वर न करता म्हणत, "हो बाबा."

मग बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपसमारंभाला जावयांबरोबर सरही गेले. आपण होऊनच गेले. चहाच्या वेळी बाई स्वतः त्यांच्यापाशी आल्या. कडक वगैरे काही नव्हत्या.

"तुम्ही सासरे ना? तुमच्या घरी कधी आले नाही, पण तुमचं मांजर मला चांगलं ठाऊक आहे."

"मांजर?"

"मीटिंगमध्ये कीबोर्डवर चढलं होतं ना. ओळीच्या ओळी आल्या इंग्रजी अक्षरांच्या, एक शब्द धड नाही. आम्ही हसून हसून बेजार."

सरांनी हातातली बशी टेबलावर ठेवली. चिकटपट्ट्यांवरची मराठी फक्त त्यांच्या डेस्कटॉपला येत होती. लॅपटॉपला त्या पट्ट्यांची काय कल्पना.

"आणि ते आकडे?" त्यांनी विचारले. "आकडे कुठून आले, असं तुम्ही..."

"ते मी सगळ्यांनाच विचारायची. जागा तर त्यांना द्यायची हे आधीच ठरलं होतं." बाईंनी बिस्किट घेतले. "तुमचे जावई म्हणाले, म्हातारं झालंय बिचारं, दिसतंही कमी, दिवसभर टेबलापाशी असतं. पण सासूबाईंचा जीव आहे त्याच्यावर, म्हणून बोलता येत नाही. अजून आहे का हो?"

"आहे," सर म्हणाले.

  घरी आल्यावर कोट न काढताच सर स्वयंपाकघरात गेले. स्वतःच्या आठवणीवर विसंबायचे नाही, ही त्यांची जुनी सवय.

"अगं, आपल्याकडे कधी मांजर होतं का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. दोन दोन कुठं सांभाळणार होते मी?"