पोमेलोची दोरी आणि विल्मारचे दोन हात

विल्मार बेरुएतानं मोन्तेविदेओच्या रस्त्यांवर उभी हयात बस चालवली होती. दार न मिटणाऱ्या बस, ब्रेक लागेल की नाही हे ऐनवेळी ठरवणाऱ्या बस, भर चढावर मागे सरकणाऱ्या बस! तेव्हा कुत्र्याच्या एवढ्याशा पिल्लाला दोरीनं चालायला कसं शिकवायचं, हा प्रश्नच त्याला पडला नाही.

"रविवारपर्यंत थांब फक्त!" तो फोनवर लेकीला म्हणाला. "पोमेलो माझ्या बरोबरीनं पाण्याकाठच्या रस्त्यावर, राम्बलावर चालेल. तुझा होणारा नवरासुद्धा चालणार नाही इतका शिस्तीत!"

फाबियाना हसली. ती सातासमुद्रापार व्हॅलेन्सियाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यावर बाबा एकटा पडला म्हणून खालच्या मजल्यावरच्या नेलिदामावशीला गाठून तिनंच हे पिल्लू त्याच्या गळ्यात घातलं होतं.

"मग मलापण दाखव ना राम्बला. फोनवर. पोमेलो आणि मागे पाणी."

"अगं, तुला समुद्र कमी आहे का तिकडे?"

"निळा आहे रे बाबा! सकाळी निळा, संध्याकाळी निळा. कंटाळा येतो. मला आपलं ते तपकिरी पाणी बघायचंय. दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं."

शेवटचे शब्द तिनं जरा घाईनं उरकले. विल्मारला ते कळलं. त्याच्या जिभेवर आलं होतं, 'मग ये की!' पण तिची नोकरी, तिकिटाचे पैसे, बापानं पोरीच्या जिवाला घोर कशाला लावायचा, असं सगळं मनात येऊन नेहमीप्रमाणे तो म्हणाला, "मी मजेत आहे." फोन ठेवल्यावर मजेत असलेला विल्मार बराच वेळ स्वयंपाकघरातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. लेक हवी होती त्याला. समोर बसून, पाय खुर्चीवर घेऊन, त्याच्या हातचा चहा कडू झालाय म्हणून कुरकुरणारी.

तर शिक्षण सुरू झालं. गळ्यात दोरी पडताच पोमेलो मटकन खाली बसला. विल्मारनं ओढलं. पोमेलो बसल्या बसल्या घसरत आला. जिन्यापासून दारापर्यंतची फरशी त्या दिवशी इतकी लख्ख पुसली गेली की झाडूवालीनं आभार मानले!

"अरे, ओढू नकोस त्याला!" नेलिदा दारातून ओरडली. तिनं आयुष्यात इतकी कुत्री पाळली होती, की तिच्या सोफ्यावर बसायचं तर आधी परवानगी मागावी लागे. "दोरी नुसती गळ्यात राहू दे दोन-चार दिवस. घरभर फिरू दे. मग एक पाऊल टाकलं की मांसाचा तुकडा, एक पाऊल की तुकडा. एका हातात दोरी, एका हातात तुकडा!"

"कुठल्या हातात?" विल्मारनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. विल्मारच्या डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास होता. डाव्या पंजात येर्बाच्या कडू चहाचा पाला भरलेला छोटा पोकळ भोपळा आणि चहा ओढायला त्यात खुपसलेली नळी. घराबाहेर पडायचं तर हा सरंजाम हवाच. मोन्तेविदेओत माणूस एक वेळ छत्री विसरेल, दात विसरेल, थर्मास विसरणार नाही.

"तो थर्मास ठेव घरी!"

"थर्मास ठेवून राम्बलावर? लोक काय म्हणतील, आजारी आहे?"

"मग पिशवीत घाल."

"पिशवीत पर्यटक घालतात, नेलिदा! काखेत थर्मास नसला की माझा तोल जातो. मी तिरका चालतो!"

नेलिदानं कपाळावर हात मारून दार लावून घेतलं. विल्मारनं विचार केला आणि त्याला तोडगा सुचला. दोरीचं टोक कमरेच्या बेल्टला बांधायचं! हात मोकळे, कुत्रा ताब्यात. बसला मागे दुसरी बस जोडून त्यानं डेपोपर्यंत नेली होती, हे तर पिल्लू. राहिला प्रश्न पोमेलो चालण्याचा. तो काही केल्या चालत नव्हता. शनिवारपर्यंत त्यानं चार पावलं टाकली, तीही उलट्या दिशेनं.

रविवार उजाडला. दुपार कलताना थंडीतलं स्वच्छ ऊन पडलं होतं आणि सगळं शहर थर्मास काखेत मारून राम्बलावर लोटलं होतं. पोमेलोनं इमारतीच्या दारातच बैठक मारली, म्हणून विल्मारनं त्याला कोटाच्या आत घालून आणलं. कठड्याजवळ अलगद खाली ठेवलं, दोरी बेल्टला पक्की बांधली, भोपळ्यात पाणी ओतलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा! मला तुझं नाक दिसतंय."

"थांब, थांब! आता?"

"आता नाकाचा आतला भाग दिसतोय. अरे, कॅमेरा उलटा कर. ते गोल बाण असलेलं बटण दाब. हं! आता आभाळ दिसतंय. खाली घे. पाणी दाखव ना, बाबा!"

तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. विल्मारनं घाईघाईनं फोन खाली वळवला आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या मच्छीमाराच्या गळाला कोरविना लागला. चांगला हातभर मासा! त्यानं तो कठड्यावरून आत घेतला, फरशीवर टाकला, आणि मासा फडफडायला लागला.

आठवडाभर जागचा न हललेला पोमेलो उठला. काय उठला! दोरी ताणली, बेल्ट ताणला, विल्मार ताणला. उजव्या हातातला फोन कठड्याकडे उडाला. डाव्या हातातला भोपळा उडाला आणि त्यातला गरम पाला बाजूनं पळत जाणाऱ्या एका व्यायामवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. बायको गेल्यापासून विल्मारची कंबर तशीही उतरली होती. बेल्टचं बक्कल सुटलं आणि बेल्ट पॅन्टच्या सगळ्या लुपांतून सळसळत निघून पोमेलोच्या मागे गेला. विल्मारनं मात्र थर्मास सोडला नाही! उजव्या हातानं पॅन्ट धरली आणि तो तसाच मागे धावला.

"पकडा! पळाला! अरे, पकडा त्याला! माझा घेऊन गेला!"

राम्बलावरच्या लोकांनी बघितलं. एक म्हातारा पॅन्ट सावरत ओरडतोय आणि त्याच्या पुढे एक धडधाकट तरुण पळतोय. शर्टावर हिरवा पाला आणि तोंडात शिव्या. मच्छीमारानं मासा सोडला आणि तरुणाला मिठी मारली!

"सोडा मला! मी भाजलोय!"

"आधी म्हाताऱ्याचं पाकीट दे!"

"कसलं पाकीट? मी रोज पळतो इथे!"

"रोज? ऐका, रोज करतो म्हणे!"

इकडे फोनमधून फाबियानाला हे सगळं ऐकू येत होतं आणि दिसत मात्र एकही माणूस नव्हता. "बाबा! बाबा!" करून तिचा घसा बसला. मग तिनं मैत्रिणीच्या फोनवरून नेलिदाला गाठलं. "मावशी, धाव! बाबाला लुटलं!" नेलिदा हातात लाटणं घेऊन, अंगात घरातला झगा आणि पायात सपाता अशा अवतारात निघाली. कोपऱ्यावर एक पोलीस उभा होता, त्याला दंडाला धरून तिनं बरोबर आणला.

"कुठाय तो मेला?" ती गर्दीत शिरली.

पोलिसानं वही काढली. "काय चोरीला गेलं?"

विल्मारनं मान खाली घातली. "बेल्ट."

"आणि कोणी नेला?"

कोणी काही बोलायची गरज पडली नाही. मच्छीमाराच्या स्टुलाखाली पोमेलो बसला होता. समोर कोरविना, गळ्यात दोरी, दोरीला बेल्ट. माशाचं शेपूट तो आधीच संपवून बसला होता. व्यायामवाल्या पोराकडे बघून सगळे एकदम त्याची पाठ थोपटायला लागले, त्यानं तो आणखीच चिडला.

"कुत्र्याला दोरीनं चालवतोय म्हणे!" नेलिदा म्हणाली. "पॅन्ट गेली तरी चालेल, पण थर्मास बघा कसा धरलाय, पहिलटकरणीनं बाळ धरावं तसा!"

गर्दी हसायला लागली आणि विल्मारला एकदम आठवलं. फोन! पोर तिकडे रडून अर्धी झाली असेल! तो वळला. फोन कठड्यावर मच्छीमाराच्या आमिषाच्या डब्याला टेकून उभा होता. कॅमेरा पाण्याकडे, पडदा विल्मारकडे. पडद्यावर फाबियाना होती. ओरडत नव्हती. हनुवटी तळहातात घेऊन बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"पोरी! मला काही झालेलं नाही! नुसता बेल्ट!"

"कळलं रे. नेलिदामावशी गर्दीत शिरली तेव्हाच ऐकलं."

"थांब, मी फोन नीट धरतो..."

"हात लावू नकोस!" ती ओरडली. "आज पहिल्यांदा पाणी सरळ दिसतंय, बाबा. राहू दे तसंच."

मग तो जागीच थांबला. ऊन उतरत होतं. पाणी तपकिरी होतं, कडेला थोडं लाल. माणसं परत आपापल्या भोपळ्यांकडे वळली. फाबियाना बघत होती आणि विल्मार तिला बघत होता. मायलेकीचे डोळे अगदी सारखे, हे त्याला पुन्हा एकदा दिसलं.

"बाबा," ती म्हणाली, "आता तू दिस. बटण दाब ना."

बटण दाबायला एक हात हवा होता. एका हातानं थर्मास कवटाळला होता, दुसऱ्या हातात पॅन्ट. थर्मास सोडण्याचा प्रश्नच नव्हता. विल्मारनं बटण दाबलं आणि एक पाऊल मागे सरून तिच्यासमोर उभा राहिला.

"फाबियाना, मी मजेत नाहीये," तो म्हणाला. "कुत्र्याला धरू, फोन धरू की चहा धरू? मला एकट्याला जमत नाही गं. तू ये. थोडे दिवस तरी ये."

फाबियानानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय, असं वाटून विल्मारचे डोळे भरून आले.

"येते, बाबा," ती कशीबशी म्हणाली. "खरंच येते. पण आधी ती पॅन्ट वर घे, मागे पोलीस उभा आहे!"