भुऱ्या डोंगर गुरगुरला

एका जंगलात, बाळांनो, एक डोंगर होता. तुम्ही म्हणाल, जंगलात डोंगर असायचाच, त्यात सांगण्यासारखं काय? थांबा जरा. सगळं सांगते.

त्या डोंगराचं नाव भुऱ्या. त्याच्या पायथ्याशी झिपरोबा नावाचं एक अस्वल राहायचं. रोज सकाळी झिपरोबा भुऱ्याला पाठ घासायचा, मध चाटायचा आणि पुन्हा झोपायचा. डोंगराची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

एके दिवशी वडाच्या झाडावर पाटी लागली.

'ज्वालामुखी दर्शन! एका दिवसात! लहान गट, प्रत्येकाकडे जातीने लक्ष! अनुभवी मार्गदर्शक निशिकांत कोल्हेसर. जेवणासह.'

झिपरोबाने पाटी वाचली आणि तो मटकन खालीच बसला. ज्या डोंगराला आपण जन्मभर पाठ घासली, तो ज्वालामुखी! त्याने घाईघाईने पाठ चाचपून पाहिली. भाजलेली नव्हती.

पाटीखाली कोल्हेसर उभेच होते. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी.

"सर, हा पेटतो का हो?" झिपरोबाने विचारलं.

"पेटायचा," कोल्हेसर म्हणाले. "आता झोपलाय. फार फार पूर्वी याच्या पोटातून लाव्हारस वाहत आला. तो थंड झाला, त्याचाच हा काळा कातळ झाला. तुम्ही आत्ता ज्यावर बसलायत ना, तोसुद्धा लाव्हाच."

झिपरोबा टुणकन उठून उभा राहिला.

सहलीची फी होती मधाचं एक पोळं. झिपरोबाच्या घरात तेवढं एकच उरलं होतं. पण पाटीवर 'जेवणासह' असं लिहिलेलं होतं. त्याने पोळं आणून दिलं आणि न्याहारी न करताच तो सहलीला निघाला.

गट खरोखरच लहान होता, कारण आणखी तिघांशिवाय कोणी आलंच नव्हतं. एक होत्या मंदाकाकू माकडीण. एक होता देखणे नावाचा मोर. आणि एक होते कासवनाना. ते निघाले तेव्हा सगळ्यांच्या बरोबर होते, एवढं नक्की.

"आधी ओळख करून घेऊ," कोल्हेसर म्हणाले. "प्रत्येकाने आपलं नाव, राहण्याचं ठिकाण आणि आवडता खडक सांगायचा."

"मी मंदा. आम्ही मागच्या वर्षी पलीकडच्या जंगलातला ज्वालामुखी केला," मंदाकाकू म्हणाल्या. "तिकडे धूर होता. इथे धूर आहे ना? नाही? बरं बरं. असू दे."

देखणे म्हणाला, की ज्या खडकापुढे त्याचा फोटो चांगला येईल तो त्याचा आवडता खडक.

झिपरोबाची पाळी आली. तो लाजला. "मी पाठ घासतो तो," म्हणाला.

मग सगळे चढू लागले. एक वळण घेतलं आणि झिपरोबा जागच्या जागी थबकला. समोर काळ्या कातळाचे खांबच्या खांब उभे होते. एकाला एक चिकटलेले, वरून पाहिलं की सहा बाजूंचे, थेट मधाच्या पोळ्यासारखे.

"पोळं!" तो ओरडला. "दगडाचं पोळं!"

"याला स्तंभाकृती बेसॉल्ट म्हणतात," कोल्हेसर म्हणाले. "लाव्हारस निवताना आकसतो. तळ्यातला चिखल वाळला की भेगा पडतात ना, तशा याला भेगा पडल्या आणि हे खांब झाले."

"मग बांधलं कोणी?"

"कोणीच नाही. आपलं आपण झालं."

झिपरोबाला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. आपलं आपण! माश्या नाहीत, राणी नाही, गुणगुण नाही, आणि तरी एवढं देखणं पोळं! त्याने एक खांब चाटून पाहिला. गोड नव्हता. त्याला त्याचंही हसू आलं. त्याने खांबाला घट्ट मिठी मारली आणि सर शिट्टी वाजवेपर्यंत सोडली नाही.

पुढचा खडक तर आणखीच मजेशीर निघाला. त्याला आंबोळीसारखी जाळी पडली होती.

"लाव्हारसातला वायू बाहेर पळाला, त्याची ही भोकं," सर म्हणाले. "पुढे त्यात पाणी झिरपलं आणि आत स्फटिक वाढले. बघा."

झिपरोबाने एका भोकाला डोळा लावला. आत पांढरे लखलखीत काटे दाटीवाटीने उगवले होते, एखाद्या कोवळ्या साळिंदराच्या पाठीसारखे. "अगं बाई!" असं तो म्हणाला. अस्वलं सहसा असं म्हणत नाहीत. पण त्याला दुसरं काही सुचेना.

"तिकडचे स्फटिक मोठे होते," मंदाकाकू म्हणाल्या.

दुपार झाली. सगळ्यांना भूक लागली. झिपरोबाला तर सगळ्यांत जास्त. कोल्हेसरांनी त्यांना गरम पाण्याच्या कुंडाशी नेलं.

"आता जेवण," ते म्हणाले आणि झिपरोबाने पंजे चोळले. "पण साधंसुधं जेवण नाही! ही रताळी आपण धरतीच्या पोटातल्या आगीवर शिजवणार आहोत."

त्यांनी रताळ्यांचं गाठोडं वेलीला बांधलं आणि उकळत्या कुंडात सोडलं. सगळे वाकून बघू लागले. कुंड बुडबुडलं. वेल ताणली गेली. मग ती सुटली. गाठोडं गुडुप झालं.

झिपरोबा काठावरून बुडबुड्यांकडे बघत राहिला.

"निसर्गाची ताकद," कोल्हेसर हलक्या आवाजात म्हणाले. "चला, पुढे."

आता राहिलं होतं डोंगराचं तोंड. माथ्यावर एक मोठा खोलगट खळगा होता, त्यात गवत वाढलेलं. तिथे वारा होता, पाखरं होती, धूर मात्र नव्हता. मंदाकाकूंनी जांभई दिली. देखण्याने पिसारा मिटून घेतला. कोल्हेसरांच्या कपाळावर घाम आला. सहल आवडली नाही, तर मंदाकाकू जंगलभर सांगत सुटणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"सगळ्यांनी आडवं व्हा!" ते एकदम म्हणाले. "डोळे मिटा. कान जमिनीला लावा. धरतीचं हृदय ऐका."

सगळे आडवे झाले. झिपरोबा मधोमध, पालथा. त्याच्या मनात ते दगडाचं पोळं आलं. मग खरं पोळं आलं. मग कुंडात बुडालेली रताळी आली.

आणि त्याचं पोट बोललं.

गुर्रर्रर्र... घुर्र... घुडुडुडुम्!

मंदाकाकू उडाल्या त्या थेट कोल्हेसरांच्या डोक्यावर. देखण्याची दोन पिसं गळाली. सरांची टोपी उडाली, शिट्टी तोंडातच अडकली आणि प्रत्येक श्वासाला वाजू लागली.

"उठला!" मंदाकाकू किंचाळल्या. "भुऱ्या उठला! तिकडचा एकदासुद्धा असा ओरडला नव्हता!"

"अहो, ते माझं..." झिपरोबा म्हणाला.

पण ऐकायला होतं कोण? सगळे उतारावरून धूम पळाले होते. आनंदाने पळत होते की भीतीने, ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. वाटेत कासवनाना भेटले. ते अजून चढतच होते.

संध्याकाळपर्यंत जंगलभर एकच विषय झाला. झिपरोबा खाली उतरतो तो काय, वडाखाली हीऽऽ गर्दी! कोल्हेसरांनी त्याला वर ओढून उभं केलं.

"यांनी तो आवाज सगळ्यांत जवळून ऐकला!" ते म्हणाले. "डोंगर गुरगुरत असताना सगळे पळाले, पण हे जागचे हलले नाहीत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. झिपरोबाला हार घातला. शाल दिली. नारळही दिला. तो नारळ फोडायला लागला तेव्हा लोकांनी त्याला हळूच सांगितलं, की सत्काराचा नारळ खायचा नसतो, घरी नेऊन ठेवायचा असतो.

खरं सांगू का, बाळांनो? झिपरोबाला आवडलं. आजवर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि आज हरणं त्याच्याबरोबर फोटो काढत होती. पोटाचं उद्या सांगू, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गुहेपुढे ससेवाडीच्या सरपंच गिरजाअक्का येऊन उभ्या राहिल्या. पाठीवर गाठोडं, मागे ससुल्यांची रांग. ससेवाडी म्हणजे भुऱ्याच्या उतारावरची बिळंच बिळं. झिपरोबाचा सख्खा शेजार.

"कुठे निघालीस गं अक्का?"

"कुठे म्हणजे? सिंहमहाराजांचा हुकूम आलाय. डोंगर फुटणार, ससेवाडी रिकामी करा. पलीकडच्या माळावर जा म्हणाले. तिथे गवताची काडी नाही, आणि वरून घारी फिरतायत." गिरजाअक्कांचे कान खाली पडले होते. "बाबा, तू जवळून ऐकलंस म्हणे. खरंच गुरगुरला का रे भुऱ्या?"

झिपरोबाने शालीचं टोक चावलं. त्याने ससुल्यांकडे पाहिलं. सगळ्यांत धाकट्याने तोंडात एक गाजर धरलं होतं, सगळं घरदार त्यातच असल्यासारखं.

"नाही गं अक्का," तो म्हणाला. "माझं पोट गुरगुरलं."

"काय?"

"पोट. मी उपाशी होतो."

गिरजाअक्कांनी गाठोडं खाली टाकलं. त्यांनी पंजा उगारला, मग खाली घेतला. "चल," त्या म्हणाल्या. "असाच चल. राजवाड्यावर."

राजवाडा म्हणजे महाराज सिंहांची मोठी गुहा. हवेशीर, पुढ्यात हिरवंगार कुरण, शेजारी झुळझुळ ओढा. दरबार भरला होता; मंदाकाकूही बघायला आल्या होत्या. महाराजांच्या उजव्या हाताला कोल्हेसर बसले होते. रातोरात ते राज्याचे ज्वालामुखी सल्लागार झाले होते.

झिपरोबाने सगळं खरं खरं सांगितलं. फी, रताळी, पोट, सगळं.

"तुम्ही भूगर्भशास्त्र शिकलायत का?" कोल्हेसरांनी विचारलं.

"नाही. पण पोट माझं आहे."

"पोट तुमचं असेल हो. आवाज कोणाचा, हा तज्ज्ञांचा विषय आहे."

दरबाराने माना डोलावल्या.

"शिवाय आमच्या समितीचा निर्णय झालेला आहे," महाराज म्हणाले. "आता खरं काय ते बघत बसलो, तर समितीला वाईट वाटेल."

"महाराज, याचं पोट ऐका तरी!" गिरजाअक्का म्हणाल्या.

"बरं. वाजव."

झिपरोबा दरबाराच्या मधोमध उभा राहिला. त्याने पोट आत ओढलं, बाहेर सोडलं, थोपटलं, हलवलं. पोट गप्प. एवढ्या मोठ्या लोकांपुढे तेही लाजलं होतं. कोणीतरी खुदकन हसलं. झिपरोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो महत्त्वाचं काही बोलला होता, आणि नेमकं त्याच वेळी पोटाने साथ सोडली होती.

तेवढ्यात महाराजांचं जेवण आलं. त्यात मधातली खीर होती. वाफाळती, वर वेलदोडा घातलेली. सेवकाने पातेलं झिपरोबाच्या नाकाखालून नेलं.

बाळांनो, कान झाका.

गुर्रर्र... घुर्रर्रर्र... घुडुम्! घुडुडुडुम्! घुडुडुडुडुडुम्!

गुहेचे खडे निखळले. घुमारा एका भिंतीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर आपटू लागला.

"पोटच आहे!" झिपरोबा आनंदाने ओरडला. "ऐकलंत ना? पोटच आहे!"

पण कोल्हेसर त्याहून मोठ्याने ओरडले, "ज्वालामुखी सरकलाय! आता तो राजवाड्याखाली आलाय!"

सगळ्यांत आधी महाराज पळाले. मागच्या दाराने. त्यांच्यामागे समिती, समितीमागे दरबार, आणि दरबाराच्या डोक्यावरून मंदाकाकू. गुहेत उरले झिपरोबा, गिरजाअक्का आणि खीर.

झिपरोबाने पातेल्याकडे पाहिलं. मग अक्कांकडे.

"खा बाबा," गिरजाअक्का म्हणाल्या. "खरं बोललास ना? मग खा."

संध्याकाळी नवा हुकूम निघाला. राजवाडा धोक्याचा. भुऱ्याचा उतार अगदी सुरक्षित. तेव्हा महाराज ससेवाडीत राहतील, आणि सशांनी आपली जागा सोडून धोक्याच्या ठिकाणी राहायला जावं. समितीचा निर्णय एकमताने झाला होता.

"आज्ञा महाराज," गिरजाअक्का म्हणाल्या. त्यांनी कान एवढे खाली पाडले, की त्यांचा चेहरा कोणाला दिसलाच नाही.

मग काय! ससे राजाच्या गुहेत राहू लागले. कुरणात लोळू लागले. ससुल्यांनी सिंहासनाची घसरगुंडी केली. इकडे महाराजांचं फक्त डोकं बिळात मावलं. बाकीचे महाराज बाहेर राहिले. दरबारी मंडळी शेपटीपुढे उभं राहून अर्ज करू लागली, आणि शेपूट डावीकडे हलली की अर्ज मंजूर धरू लागली. जंगलाचा कारभार पूर्वीपेक्षा बरा चालला, असं पुष्कळांचं मत आहे.

अधूनमधून महाराजांना शंका यायची. ते राजवाड्याची पाहणी करायला निघायचे. त्या दिवशी गिरजाअक्का सकाळीच झिपरोबाकडे यायच्या आणि हात जोडून म्हणायच्या, "बाबा, आज न्याहारी नको." झिपरोबा राजवाड्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचा आणि खिरीचा विचार करायचा. महाराज ओढ्यापर्यंत यायचे, ऐकायचे आणि परत जायचे. मग ससेवाडीच्या बायका त्याला पाटावर बसवून इतकं वाढायच्या, की त्याला उठून उभं राहता येत नसे. सगळे ससुले मिळून त्याला ढकलत ढकलत दगडाच्या पोळ्यापर्यंत पोचवायचे. तिथे एका खांबाला टेकून तो झोपून जायचा, हसत हसत.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं बोलावं. पण जेवून जाऊ नये. भरल्या पोटाने सांगितलेलं खरं मोठ्या माणसांना ऐकू येत नाही. आणि उपाशीपोटी सांगितलेलं त्यांना समजत नाही, पण निदान ते जागा तरी रिकामी करतात.