तुम्ही त्या वेळी कुठे होतात?

आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्क मोघ्यांना तुम्ही 'नळ गळतोय' असं सांगायला गेलात, की ते नळाकडे बघायचे नाहीत, तुमच्याकडे बघायचे.

"कधीपासून?"

"परवापासून असेल."

"मग परवा तुम्ही कुठे होतात?"

संपलं. नळ राहिला बाजूला, गुन्हेगार तुम्ही.

मी तिथे रसायनशास्त्र शिकवायचो. बल्ब गेला, ग्रंथालयाचं छत गळलं, मांजर स्टाफरूममध्ये व्यालं, तरी मोघ्यांचा तपास एकाच रस्त्यानं जायचा. कुणी केलं हा त्यांच्या लेखी फालतू प्रश्न. कुणी पाहिलं आणि गप्प बसलं, ते सांगा. त्यांना पाहून लोक जिना बदलायचे. मी तर माझ्या खुर्चीच्या मोडक्या पायाखाली महिनाभर पुस्तकं लावली, पण कळवलं नाही. कोण त्या फंदात पडणार?

विलास नावाचा एक मुलगा हडपसरहून बसनं यायचा. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, डोकं तल्लख, आणि दुपारच्या सुट्टीत नदीकाठच्या दारूच्या गुत्त्यावर जायचा. एके दिवशी तो प्रॅक्टिकलला पेटत्या बर्नरशेजारी डोकं टेकून झोपला. केस थोडक्यात वाचले. प्राचार्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, याला काढून टाका. वडील धावत आले.

"सायेब, पोरगं हुशार हाय. आमच्यात पहिलंच शिकतंय. एवढी परीक्षा देऊ द्या त्याला."

"कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे," प्राचार्य म्हणाले आणि मोघ्यांना नोटीस टाइप करायला सांगितली.

आता आमच्या प्राचार्यांची एक खोड होती. ते कागद वाचत नसत. वाचूनच सही करायची तर हेडक्लार्क कशाला ठेवलाय, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या झोकदार सहीची नोटीस बोर्डावर लागली. 'दारूच्या प्रकरणी खालील व्यक्तींना कॉलेजातून काढून टाकण्यात येत आहे.' खाली पाच नावं. पहिलं मोघे. मग खुद्द प्राचार्य. मग मी, मग कँटीनच्या काकू, आणि शेवटी विलास.

दहा मिनिटांत आम्ही सगळे प्राचार्यांसमोर उभे.

"मोघे, हा काय चावटपणा आहे?"

"चावटपणा नाही, हुकूम आहे. सही आपलीच."

"मी काय दारू प्यालोय?"

"गॅदरिंगला हा विलास पिऊन स्टेजवरून खाली पडला. आपण टाळ्या वाजवल्यात."

"मला वाटलं, नाटकातच आहे."

"आणि नंतर कळलं, तेव्हा कुठे होतात?"

प्राचार्य पंख्याकडे बघू लागले. काकू म्हणाल्या, "मी तर बिचाऱ्याला लिंबू सरबत द्यायचे हो."

"द्यायचात. ते पिऊन तो वर्गात जाऊन बसायचा. तुम्ही कुणाला सांगितलंत?"

मी हळूच दाराकडे सरकलो.

"सर, दाराशी काय आहे? तुम्ही त्याला शेवटच्या बाकावर बसवलंत. वास पुढे येऊ नये म्हणून."

खरंच होतं ते. स्वतःला चांगला शिक्षक समजणारा मी, मला त्या क्षणी माझीच लाज वाटली.

"एकट्याला काढायची नोटीस मी टाइप करणार नाही," मोघे म्हणाले. "ठेवायचा तर सगळ्यांनी मिळून ठेवू."

ठेवला. वार वाटून घेतले. दुपारची सुट्टी झाली, की ज्याचा वार असेल त्यानं विलासला घेऊन बसायचं, थेट त्याच्या बसपर्यंत. काकू त्याला मटार सोलायला लावत. प्राचार्य आपल्या तरुणपणच्या टेनिसच्या हकिकती सांगत. "सर, यापेक्षा मी दारू सोडतो," विलास मला म्हणाला. तरी दोनदा गेलाच गुत्त्यावर. दोन्ही वेळा मोघे त्याला अवाक्षर बोलले नाहीत. ज्याचा वार होता त्याची मात्र बिनपाण्यानं केली. दुसऱ्यांदा तो वार माझा होता.

रविवार कुणालाच नको होता. तो मोघ्यांनी घेतला.

विलासला परीक्षेचं हॉल तिकीट द्यायला मी एका रविवारी सकाळी मोघ्यांच्या कसबा पेठेतल्या खोलीवर गेलो. एकटा माणूस, एकच खोली, पण खाटा दोन. एका खाटेवर विलास पुस्तकात डोकं घालून बसला होता. मोघे स्टोव्हवर शिरा ढवळत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "त्या नोटिशीत तुमचं नाव पहिलं का होतं हो? तुम्ही तर विलासला कधी प्यालेला पाहिला नव्हता."

"विलासला नाही. माझ्या धाकट्या भावाला." त्यांचं ढवळणं थांबलं नाही. "आपल्याच कॉलेजात होता. आई विचारायची, याचे डोळे का लाल? मी सांगायचो, अभ्यासाचं जागरण. वर्षभर तेच सांगितलं. मग गेला तो."

इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचाच प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला.

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

जीभ चावली मी. पण मोघे रागावले नाहीत. त्यांनी शिऱ्यावर झाकण ठेवलं आणि रिकाम्या खाटेकडे बोट केलं.

"इथेच. या खाटेवर. तो त्या." मग विलासकडे बघून म्हणाले, "जरा हळू बोला. त्याचा अभ्यास चाललाय."