मार्च कुणी खाल्ला?

कल्पना करा मुलांनो, तुमच्या आजोबांचा शब्द अख्खं गाव मानतं, आणि या वेळी तो का चुकलाय हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. यागोदाचं नेमकं असंच झालं होतं.

सावा नदीकाठच्या तिच्या गावात हिवाळ्याच्या तोंडावर डुक्कर कापलं, की स्वेतोझार आजोबा त्याच्या पोटातली प्लीहा फळीवर ठेवून हवामान सांगत. जिभेसारखी लांबट प्लीहा. जिथे जाड, त्या महिन्यात बर्फ आणि पाणी फार. एक टोक नोव्हेंबर, दुसरं मार्च. यंदा ते म्हणाले होते, "मार्च कोरडा ठणठणीत!"

आणि मार्चमधल्याच एका सकाळी हवामान केंद्रातून रादोयकाबाईंचा फोन आला. आजोबांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, डोंगरावर कमरेइतका बर्फ आहे आणि त्यावर पाऊस पडतोय. चारपर्यंत पाणी तुमच्या अंगणात येईल. सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत न्या."

"अगं पोरी, प्लीहा तसं म्हणत नाही."

स्वयंपाकघरात जमलेल्या शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. झिव्कामावशींनी तर आंबवलेल्या कोबीचं वर आणलेलं पिंप पुन्हा तळघरात ठेवायला पिटाळलं नवऱ्याला.

रादोयकाबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "बरं काका, मार्चचं टोक कसं होतं?"

"बारीक. म्हणजे... जवळजवळ नव्हतंच."

"नव्हतंच? प्लीहा अख्खी होती ना?"

यागोदाचे कान तापले. आता गप्प बसले तर सगळे बुडतील, हे तिला कळत होतं.

"आजोबा, मार्च मांजरीनं खाल्ला."

"काय?"

"तुम्ही चष्मा शोधत होता तेव्हा. थोडा फेब्रुवारीपण. मी सुरीनं कड सारखी केली."

आजोबा गरजले, "मग बसलात काय? उठा! प्लीहा खोटं बोललीच नाही, मांजरीनं बातमी दाबली!"

तीनपर्यंत सगळं गाव टेकडीवर होतं. कोबीचं पिंप सहाजणांनी ढकलत आणलं. चार वाजता पाणी आजोबांच्या दारात पोचलं; घरात मात्र कुणी नव्हतं.

शाळेत म्हातारी मंडळी पहिलीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली. पुन्हा फोन आला. "यागोदाला द्या," रादोयकाबाई म्हणाल्या, "ती मधलं काही गाळत नाही."

"पाणी कधी उतरणार?" "माझ्या कोंबड्या?" "उद्या बर्फ का?" एकच गिल्ला झाला.

यागोदा खुर्चीवर चढली. तिनं फळ्यावर लिहिलं, 'आधी हात वर करा, मग बोला.' सगळ्यात आधी वर झालेल्या हाताकडे बोट करून ती म्हणाली, "हं आजोबा, विचारा."