ढोल काढलेलं गाणं

सदू मेस्त्री कुठलंही दार बसवण्याआधी त्यावर टिचकी मारून कान लावत. "ह्या सुरात नाय," म्हणाले की दार परत. युद्धानंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं, त्यामुळे दारांना तोटा नव्हता. मी त्यांच्याच बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. रिग्गईतल्या खोलीत आमच्या खाटा शेजारी-शेजारी. कुडाळकडचा हा सुतार शुक्रवारी हवल्लीत एका फ्लॅटवर जमणाऱ्या भजनी मंडळात पखवाज असा बडवायचा, की वरच्या मजल्यावरचा इजिप्शियन तक्रार घेऊन खाली यायचा.

एकदा आम्ही एका ब्राझिलियन फुटबॉल-प्रशिक्षकाकडे कपाट पोचवलं. आतल्या खोलीत त्याची बायको पाळण्याजवळ बसून गिटारवर हळूच गात होती. मेस्त्रींनी रंधा खाली ठेवला.

"इचारा, कसला गाणा ता?"

मी मोडक्या इंग्रजीत विचारलं. बाई हसली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वस्तीतलं गाणं, म्हणाली. तिकडे ते रस्त्यात ढोलांवर वाजतं, सगळे नाचतात. बाळ झोपावं म्हणून तिने ढोल काढून टाकले होते.

"ढोल काढूनय उरला? मग ता खरा गाणा!" मेस्त्रींनी निकाल दिला आणि तिच्याकडून कॅसेटवर भरून घेतलं.

पुढच्याच शुक्रवारी त्यांनी त्या चालीवर अभंग धरला. पखवाजावर फक्त दोन बोटं. मंडळाचे सेक्रेटरी जोशी उखडले, "अहो मेस्त्री, अभंगाला परदेशी चाल?"

"देवाक व्हिसा लागता काय?"

त्या दिवशीही इजिप्शियन खाली आला. आज भजन का नाही, म्हणून विचारायला.

मग कुवेतला आल्यापासून तीन वर्षांनी मेस्त्री पहिल्यांदा सुट्टीवर गावी गेले. मुलगी ते इकडे आल्यावर जन्मलेली, त्यांनी फक्त फोटोत पाहिलेली. परत आले. मी विचारलं, "लेक काय म्हणते?"

"तीन दिवस माका बघून रडा होती. जवळ येयना. चवथ्या दिवशी घरापुढच्या खळ्यात एकटोच बसान ती चाल गुणगुणलंय. हळूच इली आणि मांडयेर झोपली."

"मग?"

"मग काय? पाय बधीर झालो. घरकारीण जेवूक हाक मारी होती. पण मी सांज होयसर हललंय नाय."