गुआबाचे झाड आणि त्याची प्रमाणित प्रत

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी याकुपांबा गावात सोइलाबाईंच्या परसातले गुआबाचे झाड पाडण्यात आले. जीवितहानी झाली नाही. झाड हमिंगबर्डच्या फोटोच्या आड येत होते.

(गुआबा म्हणजे पेरू नव्हे. हातभर लांब शेंग, आत ओल्या कापसासारखा गोड गर. तुमच्या जास्वंदीवर येतो तोही हमिंगबर्ड नव्हे. तो शिंजीर. त्याला अजून स्वतःचे पोट स्वतः भरावे लागते.)

पक्ष्याला जगण्यासाठी झाड लागते आणि पक्ष्याच्या फोटोला झाड नसलेली जागा लागते, हे आता सर्वमान्य आहे. दोघांपैकी फोटो जास्त टिकतो. त्यामुळे अग्रक्रम कुणाला द्यावा याबद्दल आमच्या गावात मतभेद नाहीत.

पूर्वी इथे गाई होत्या. दूध पहाटेच्या गाडीने राजधानीला, किटोला जायचे. मग कुणा पाहुण्याने एका ओसरीवर लाल बुडाची साखरपाण्याची बाटली टांगली आणि संध्याकाळपर्यंत त्या घरात कपांपेक्षा हमिंगबर्ड जास्त झाले. गाय दिवसभर खाते, शेण टाकते, रात्री-अपरात्री विते आणि तिला बघायला कुणी परदेशातून येत नाही. हमिंगबर्डचे वजन चमचाभर साखरेइतके. गाई विकल्या गेल्या.

एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, रंग अजिबात नाही, बाटली एक दिवसाआड गरम पाण्याने धुवायची, हे गावात सर्वांना पाठ आहे. स्वतःच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली हे कुणाला आठवत नाही. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी चाळिशीपुढच्या बहुतेकांची साखर बंद केली आहे, त्यामुळे पक्ष्यांना तुटवडा भासत नाही. प्रत्येक बागेत एक दादा नर असतो. तो बाटलीवर पहारा देतो, बाकीच्यांना हाकलतो आणि स्वतः फारसे पीत नाही. त्याला काढता येत नाही, म्हणून त्याला व्यवस्थापनात धरले आहे.

इतक्या पसाऱ्याला शिस्त लावण्यासाठी बाग मान्यता मंडळ स्थापन झाले. मंडळ बागांना दर्जा देते. दर्जा असेल त्या दारी पाहुण्यांची गाडी थांबते, नसेल तिथून ती चिखल उडवत पुढे जाते. मंडळाची पुस्तिका सुबक आहे. तिच्यातील काही कलमे:

फूल एकच असावे. जास्त फुले असल्यास पक्ष्याचा निर्णय लांबतो.

फूल ताजे असावे. ते त्याच बागेत उगवलेले असण्याची अट नाही. (शुक्रवारी बाजारातून येते.)

फुलामागे हिरवळ असावी. ती पडद्यावर छापलेली असावी, कारण खरी हिरवळ हलते.

कॅमेऱ्यासमोर नसलेल्या जागी पक्षी खात असल्यास ते ‘बाहेरचे खाणे’ समजावे आणि ते खाद्य तत्काळ काढून टाकावे.

गावात सर्वात जास्त सुधारणा या शेवटच्या कलमाने झाली. कुंपणावरच्या वेली बाहेरचे खाणे ठरल्या. केळीची लाल बोंडे बाहेरचे खाणे ठरली. सोइलाबाईंची नणंद एर्मिनिया रस्त्याच्या पलीकडे राहते. तिने परसातले सगळे उपटून सिमेंटचा कोबा घातला आणि त्यावर चार खांब, बाटल्या, सहा फ्लॅश आणि एक हिरवा पडदा उभा केला. दर्जा पहिला मिळाला. मंडळाच्या अहवालानुसार प्रमाणित बागांमधला निसर्ग गेल्या वर्षीपेक्षा तीस टक्के अधिक स्पष्ट दिसू लागला आहे.

सोइलाबाईंकडेही पडदा होता, खांब होते, वेली गेल्या होत्या. फक्त गुआबाचे झाड राहिले होते. त्यांचे यजमान आन्सेल्मो यांनी ते कधीकाळी कॉफीच्या रोपांना सावली म्हणून लावले होते. कॉफी गेली, सावली राहिली. सावलीत एक बाक आणि बाकावर आन्सेल्मो, शेंगा सोलत, बिया थुंकत.

या झाडावर जांभळमोज्या यायचा. बोटाएवढा हमिंगबर्ड, दोन्ही पायांवर जांभळ्या कापसाचे मोजे घातल्यासारखी पिसे. गावात दुसरीकडे कुठेही तो दिसत नाही. तो बाटलीला तोंड लावत नाही. उजाडताना यायचा, अगदी शेंड्याला, सावलीत, पाहणाऱ्याकडे पाठ करून, एकेक फूल क्रमाने तपासत खाली उतरायचा. प्रत्येक पाहुण्याने तो पाहिला होता. फोटो एकालाही मिळाला नव्हता. थोडक्यात, सोइलाबाईंकडे पक्षी होता आणि एर्मिनियाकडे फोटो होते. मंडळाच्या तक्त्यात पक्ष्यासाठी रकाना नाही.

येत्या शनिवारी दर्जाची फेरतपासणी होती. जांभळमोज्याचा एक तरी नीट फोटो दाखवला नाही, तर सोइलाबाईंची बाग यादीतून जाणार होती. पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या रिकाम्या राहणार होत्या. आणि नणंदेच्या दारात थांबलेली गाडी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघावी लागणार होती.

“वहिनी, तो तुझा मोजेवाला येतो का गं अजून?” एर्मिनियाने कोबा धुता धुता विचारले.

“रोज येतो.”

“दिसतो कुणाला?”

“सगळ्यांना दिसतो.”

“नुसतं बघून काय करायचंय? घरी जाऊन दाखवायला काही लागतं की नाही माणसाला?”

“तुझ्याकडे आहे ना दाखवायला. दगडसुद्धा धुतेस.”

“सिमेंट आहे ते. पहिल्या दर्जाचं.”

सोइलाबाई आत गेल्या आणि त्यांनी मंडळाला फोन केला.

मंडळातर्फे लिसेन्सियादो एग्वेस आले. (लिसेन्सियादो म्हणजे पदवीधर. इथे ही उपाधी नावाआधी एकदा लावली की पुन्हा काढत नाहीत.) त्यांनी झाडाभोवती फेरी मारली, शेंड्याकडे पाहिले आणि खोडावर हात ठेवला.

“झाड चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण सहकार्य करत नाही.”

“मग काय करायचं हो?” सोइलाबाई म्हणाल्या.

“आता ऐन फुलोऱ्यात आहे, तेव्हा आधी याचा मोठा फोटो काढू. पडद्यावर छापून घेऊ. छापून आलं की झाड काढू. एक फांदी बादलीत ठेवू, मागे पडदा. तुमचं झाड तुमच्याकडेच राहील. फक्त सपाट.”

“आणि शेंगा?” बाकावरून आन्सेल्मो म्हणाले.

“शेंगाही छापता येतील, काका.”

“सावली?”

“सावलीचाच तर सगळा घोळ आहे.”

त्या संध्याकाळी घरात चर्चा झाली. ती लोकशाही पद्धतीने झाली, म्हणजे दोघेही बोलले आणि सोइलाबाईंनी ठरवले.

“अगं म्हातारे,” आन्सेल्मो म्हणाले, “तो पक्षी झाडासाठी येतो. तुझ्यासाठी नाही.”

“आणि पाहुणे कशासाठी येतात? तुझे दात बघायला?”

“माझे दात काय वाईट आहेत?”

“दोन राहिलेत. दातांचा डॉक्टर घरात उतरलाय, तोही तिकडे बघत नाही.”

“मी बसायचं कुठे?”

“एर्मिनियाच्या सिमेंटवर बस. तुझीच बहीण आहे.”

दातांचे डॉक्टर म्हणजे सोइलाबाईंच्या खोलीत उतरलेले लुडगर. निवृत्तीनंतर ते तिसऱ्यांदा याच पक्ष्यासाठी समुद्र ओलांडून आले होते. फूल आकर्षक व्हावे म्हणून त्यात सिरिंजने साखरपाणी भरतात, आणि त्या कामात गावात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. सुई घालण्यापूर्वी ते सवयीने फुलाला “जरासं टोचेल हं” असे म्हणतात.

पडदा सोमवारी छापून आला. सुंदर होता. एकही पान किडलेले नव्हते, कारण किडलेली पाने छापखान्यात दुरुस्त करण्यात आली होती. मंगळवारचे सुरुवातीला सांगितलेच आहे.

बुधवारी उजाडताना बादलीत फांदी, फांदीवर टोचलेली फुले, मागे पडदा, सहा फ्लॅश आणि रेनकोट घातलेले लुडगर अशी सर्व सिद्धता होती. दादा नर आला आणि त्याने सगळी फुले रिकामी केली. जांभळमोज्या आला नाही.

गुरुवारी तो आला.

बादलीकडे त्याने पाहिले नाही. परसाच्या मधोमध, पूर्वी जिथे शेंडा होता तेवढ्या उंचीवर, तो मोकळ्या हवेत थांबला. तिथे काही नव्हते. त्याने चोच पुढे केली, मागे घेतली, थोडा डावीकडे सरकला, पुन्हा चोच पुढे केली. मग थोडा खाली. रोजच्या क्रमाने एकेक फूल तपासत तो पूर्ण झाडभर फिरला.

लुडगर यांनी फोटो घेतला नाही. मागे पडदा नव्हता.

“त्याला पाठ आहे सगळं,” आन्सेल्मो म्हणाले.

सोइलाबाईंनी कपडे वाळत घालायची काठी आणली, टोकाला बाटली बांधली आणि दोन्ही हातांनी उंच धरली. पक्षी बाटलीला वळसा घालून पुढच्या, नसलेल्या फांदीवर गेला. त्या हात दुखेपर्यंत तशाच उभ्या होत्या.

“वहिनी, कपडे वाळत घालतेस की हवा?” रस्त्यापलीकडून एर्मिनिया म्हणाली.

“तू तुझं सिमेंट बघ,” सोइलाबाई म्हणाल्या. आवाजात नेहमीची धार नव्हती, हे एर्मिनियानेही नंतर मान्य केले.

शुक्रवारी एग्वेस आले. सर्व वृत्तांत ऐकून त्यांना समाधान वाटले. पक्ष्याने आपल्या पसंतीची जागा स्वतः दाखवून दिली, याला त्यांनी लाभार्थ्याचा सहभाग असे नाव दिले. पुढचे सोपे होते. झाडाच्या जागी दोन उंच बांबू रोवून पडदा शेंड्याच्या उंचीवर चढवण्यात आला. पक्ष्याला पाठ असलेल्या ठिकाणी पुन्हा तेच झाड उभे राहिले, या वेळी कॅमेऱ्याकडे तोंड करून. लुडगर यांना शिडीवर बसवण्यात आले.

शनिवारी जांभळमोज्या आला, थबकला आणि थेट पडद्याकडे गेला. एका छापील फुलात त्याने चोच घातली. पडदा किंचित आत दबला. सहा फ्लॅश एकदम पेटले. दोन्ही मोजे, गळ्याची झळाळी, पंखांचे प्रत्येक पीस, सगळे आले. दबलेला पडदा फोटोत दिसत नाही.

“बघा, कसा खातोय,” एग्वेस म्हणाले.

“काय खातोय?” आन्सेल्मोंनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर तपासणी अहवालात नाही. बागेला पहिला दर्जा मिळाला.

त्यानंतरची परिस्थिती समाधानकारक आहे. खोल्या भरलेल्या असतात. तोच पडदा एर्मिनियाने मागवला, मग तिच्या शेजाऱ्यांनी मागवला. गावात पूर्वी गुआबाचे एक झाड होते आणि ते वर्षातून काही दिवस फुलायचे. आता घरोघरी आहे आणि बारा महिने फुलोऱ्यात असते.

“वहिनी, खरं सांगू? तुझं झाड माझ्याकडे जास्त छान दिसतं,” एर्मिनिया म्हणते. “तुझ्याला सुरकुती पडलीये.”

दोन किरकोळ बाबी प्रलंबित आहेत. लुडगर जाताना आपली सिरिंज सोइलाबाईंना देऊन गेले. पाहुणे उठायच्या आत सोइलाबाई शिडीवर चढतात आणि पडद्यावरच्या प्रत्येक फुलावर साखरपाण्याचा एकेक थेंब ठेवतात. थेंब ओघळतो, मुंग्या लागतात. पडदा चिकट असल्याबद्दल मंडळाने त्यांना लेखी समज दिली आहे. सोइलाबाईंनी ती वाचली, घडी केली आणि शिडीच्या डुगडुगत्या पायाखाली घातली.

दुसरी बाब बुंध्याची. त्याला धुमारे फुटले आहेत. फोटोच्या खालच्या कडेला हिरवे काहीतरी हलते अशी पाहुण्यांची तक्रार आल्यावर मंडळाने ते खुडण्याचा आदेश दिला. आदेश आल्यापासून आन्सेल्मो दिवसभर बुंध्यावर बसून असतात, पाय फाकवून, मध्ये धुमारे, वर पोंचो (मधोमध डोक्यापुरते भोक असलेली घोंगडी). तपासणीस येतात तेव्हा ते उठत नाहीत. गुडघे धरलेत म्हणतात. तपासणीसांनी त्यांची नोंद बागेतील आसन अशी केली आहे.

जांभळमोज्या शनिवारनंतर दोन वेळा पडद्यावर आला. दुसऱ्या वेळी त्याने तीनच फुले तपासली. त्यानंतर तो दिसल्याची नोंद नाही. सोइलाबाई म्हणतात येईल. आन्सेल्मो म्हणतात, धुमारे गुडघ्याच्या वर गेले की मला उठावं लागेल, मग बघू.

फोटो मात्र पोहोचला. कुणाकडून कुणाकडे गेला हे मंडळाला सांगता येत नाही, पण गेल्या आठवड्यात सकाळी तो तुमच्याही फोनवर आला. वर ‘सुप्रभात’, खाली निसर्गाच्या सान्निध्यात राहण्याबद्दल दोन ओळी. तुम्ही हात जोडलेत आणि तो आणखी चार ग्रुपवर पाठवलात. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, सर्वात वरच्या फुलाशेजारी, पडद्याची दोरी ओवायचे पितळी भोक स्वच्छ दिसते. त्याबद्दल अद्याप कोणीही विचारणा केलेली नाही.